तायडे सरांचा कांदा आणि देशमुख सरांचं कुलूप

तायडे सरांना जेवायला बोलावलं, की ताटातला कांदा ते खात नाहीत. रुमालात नीट गुंडाळून वरच्या खिशात ठेवतात. आमच्याकडे हे पहिल्यांदा घडलं तेव्हा आईला वाटलं, कांदा किडका निघाला. ती ओशाळून दुसरा चिरायला उठली.

"नाई नाई वहिनी, फर्स्टक्लास हाय," सर म्हणाले. "याचा डीएनए काढतो मी."

सर नांदुऱ्याच्या एका शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, म्हणून त्यांच्या लेखी मी शत्रुपक्षाची. पण चहा मात्र रोज शत्रूच्याच घरी.

कांदा वाटायचा, त्यात मीठ आणि भांड्याचा साबण कालवायचा, गाळून वरून गार स्पिरिट सोडायचं. थोड्या वेळात पांढरे, पिंजलेल्या कापसासारखे धागे वर तरंगतात. तोच डीएनए. सरांच्या घरातली प्रत्येक गाळणी या संशोधनात कामी आल्यामुळे काकू हल्ली चहा ओढणीतून गाळतात.

या धाग्यांचं करायचं काय? तर गुप्त लिपीची कुलपं तोडायची. डीएनएच्या धाग्यांकडून गणितं सोडवून घेता येतात, हे सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. ते मला समजावून सांगताना सर जागचे उठले.

"पाह्य वं पोरी. नांदुऱ्याच्या बाजारात गणपतले शोधाचं हाय. तुहा कॉम्प्युटर एकेकाले इचारत जाते, 'तू गणपत का? तू गणपत का?' पुरा बाजार उठून जाते तरी त्याचं इचारनं सरत नाही. डीएनए काय करते? भोंग्यावरून एकदाच वरडते, गणपत! गर्दीतला गणपत सोताच हात वर करते. पान्याच्या एका थेंबात इतके धागे, हरेक धाग्यावर एकेक चावी. कोटी कोटी, एकाच टायमाले!"

हे त्यांचं पालुपद. खामगावच्या बसच्या दारात माणसं चेंगरली, की बाकीचे वैतागतात आणि सर खूश होतात. "पाह्य, कोटी कोटी, एकाच टायमाले!"

एकदा धागे एकमेकांना कसे धरतात हे दाखवायला त्यांनी दोरीवर चार रंगांचे चिमटे लावले. लाल फक्त हिरव्याला धरणार, पिवळा फक्त निळ्याला. चिमटे कमी पडले म्हणून गल्लीतले सगळ्यांचे काढून आणले. आमची चादर संध्याकाळी रेल्वेलाइनच्या बाभळीवर सापडली.

आता कुलूप कोणाचं, तर देशमुख सरांचं. हे त्याच शाळेत गणित शिकवायचे. दोघांचं स्टाफरूममध्ये रोज भांडण. जीवशास्त्र म्हणजे नुसतं पाठांतर, असं देशमुख सरांचं मत. निवृत्तीनंतर ते आपल्या गावी, अमडापूरला गेले. तिथे त्यांची पत्नी वारली. नंतर तीन वर्षांपूर्वी तायडे सरांना त्यांचं पहिलं पोस्टकार्ड आलं. त्यावर नुसते आकडे आणि खाली एक ओळ: 'तायड्या, तुझ्या जीवशास्त्रानं हे उघडून दाखव.'

तेव्हापासून महिन्याला एक कार्ड. सगळ्या गावाला ते ठाऊक, कारण पोस्टमन प्रत्येक दारात वाचून दाखवत येतो. "काऊन सर, उघडलं का कुलूप?" असं पानवालाही विचारतो. लोक हसतात. सरही हसतात आणि कांदा घेऊन घरी येतात.

मागच्या हिवाळ्यात एक कार्ड चुकून आमच्याकडे पडलं. सर बाजारात होते. मी ते काकूंना नेऊन दिलं, पण आधी फोनवर फोटो काढून घेतला. हे वाईट केलं, पण मला राहवेना. आकडे म्हणजे बाराखडीतली अक्षरं असणार, हा अंदाज बरोबर निघाला. त्यावर चावीचा शब्द बसवलेला होता; त्या शब्दाच्या अक्षरांप्रमाणे प्रत्येक आकडा पुढे सरकवलेला. मी लॅपटॉपला कामाला लावलं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला कुलूप उघडलं. मी तशीच शेजारी धावले.

"सर, उघडलं! चावी काय आहे सांगू? तुमचंच आडनाव!"

सर दचकले. उठून आधी दार लोटलं.

"हळू बोल ना बाप्पा. माहीत हाय मले."

"माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी तेच टाकून पाह्यलं. देशमुख्याले दुसरं कोणाचं नाव सुचते?"

त्यांनी कपाटातून एक वही काढली. सगळी कार्डं चिकटवलेली, पण आकड्यांखाली एकही अक्षर लिहिलेलं नाही. गरजच नव्हती. आपण पेपर वाचतो तसे ते आकडे वाचत होते. "गुडघा लय दुखते. सुनेले सांगत नाही." पान उलटलं. "आज तिच्या हातची पातळभाजी आठवली." आणखी एक. "दिवसभर कोणीच बोललं नाही."

"मग सर, उघडलं म्हणून सांगत का नाही? सगळं गाव हसतं तुम्हाला."

"हसू दे. मी वाचतो हे समजलं तं तो लिहीन का? चाळीस वर्षांत सोताच्या तोंडानं 'दुखते' म्हनला नाही तो मानूस. आकड्यात सांगते, तं सांगू दे."

"आणि कांदे?"

"कांद्यानं घरी बसून कुलूप तुटत नाही, एवढं जीवशास्त्र येते मले," सर जरा रागावूनच म्हणाले. मग त्यांनी माझा फोन मागितला. नवं कार्ड काकूंनी कुठे ठेवलं होतं कोण जाणे, सरांनी ते अजून पाहिलंच नव्हतं. फोटोवर बोट फिरवत वाचलं. मी ते नुकतंच वाचलं होतं: 'मंगळवारी चिखलीले डोळ्याचं ऑपरेशन. भेव वाटते. तायड्या असता तं बरं झालं असतं.'

"आज काय वार हाय?"

"सोमवार."

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं अमडापूरला देशमुख सरांच्या अंगणात उभे होतो. देशमुख सर घोंगडी पांघरून बसले होते, मुलगा गाडी काढत होता.

"तू काऊन आला बे?"

"कांदे पाहाले आलो. नांदुऱ्याच्या कांद्यात चावी सापडून नाही राह्यली."

"तीन वर्षं झाली, तायड्या!" देशमुख सर इतके हसले की घोंगडी खाली पडली. "चाल मंग. माह्या डोळ्याचं काम हाय चिखलीत, ते झाल्यावर कांदे पाहू."

दवाखान्यात त्यांना आत नेलं. तायडे सर बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. मग अचानक ते बाकीच्या पेशंटांकडे वळले आणि मोठ्याने सुरू झाले. बाजार, गणपत, भोंगा. डोळ्यांत औषध घातलेली सात-आठ म्हातारी माणसं मिटल्या डोळ्यांनी माना डोलवत होती. नर्स बाहेर आली. "आजोबा, आवाज आत येतो."

"येते ना? बरं," म्हणून सरांनी आवाज आणखी चढवला.

आतून देशमुख सर ओरडले, "बोलू द्या हो त्याले!"

दुपारी डोळ्याला पट्टी बांधून आम्ही त्यांना घरी आणलं. दुसरा डोळा आधीच अधू. ते ओसरीवरच्या खाटेवर टेकले.

"तायड्या, या महिन्याचं कुलूप राह्यलं. डॉक्टर म्हन्ते, लिहाचं नाही."

"तं सांग तोंडानं. मी लिहून घेतो."

"तुह्याच हातानं लिहिशील अन् तुलेच समजनार नाही!" ही कल्पना देशमुख सरांना फारच आवडली. मुलाने कोरं कार्ड आणून दिलं. बोटांच्या पेरांवर मोजत ते एकेक आकडा सांगू लागले. तायडे सर मांडीवर वही ठेवून उतरवत होते. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर पेन थांबलं. मी कार्डाकडे पाहिलं नाही, अंगणात वाळत घातलेल्या तुरीकडे पाहत राहिले. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

"काऊन थांबला बे? लिहून राह्यला ना?"

"हाव, हाव," तायडे सर म्हणाले. "जरा हळू सांग. मले काही समजून नाही राह्यलं."