बाबा नावाचं मॉड्यूल

दोष बाबांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कितीही गाढव वाटलो तरी सुरुवात कोणी केली ते तुमच्या लक्षात राहील.

इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. तेव्हापासून मनवेलपाड्यातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी आणि एक असेंबल केलेला कॉम्प्युटर असे दोन बेकार एकमेकांसमोर बसून असायचो. केबलवाल्याने नुकतंच इंटरनेट दिलं होतं. मी मेसेंजरवर एक बॉट लावला होता. मी जागेवर नसलो की माझ्या नावाने तोच उत्तरं द्यायचा. त्याला नवीन काही शिकवायचं तर छोटं मॉड्यूल लिहायचं आणि त्याच्या फोल्डरमध्ये टाकायचं, बस. माझा अर्नाळ्याचा मित्र लुईस, त्याने भरती-ओहोटी सांगणारं मॉड्यूल केलं होतं. त्याचा बाप ते वापरायचा नाही. दारात उभा राहून समुद्राकडे बघायचा.

मी केलं 'बाबा' नावाचं मॉड्यूल.

आमचे बाबा, म्हणजे प्रल्हादराव, यांना दोन आवाज आहेत. बाहेरच्यांसाठी गुळाचा. घरच्यांसाठी, आणि बाहेरचे गेल्यावर बाहेरच्यांबद्दलही, मिरचीचा. मी मिरचीचा घेतला. समोरच्याच्या वाक्यात ठरावीक शब्द सापडला की बाबांचं ठरावीक वाक्य, नाही सापडला तर हाताला येईल ते. जेवताना बाबा काही नवीन बोलले की हात धुऊन मी ते आत टाकायचो. (आयुष्यात एवढ्या नियमाने मी दुसरं काही केलेलं नाही.) मित्र लोळायचे हसून. लुईस म्हणायचा, "भूप्या, तुझा बाप मशीनमध्ये जास्त खरा वाटतो रे!"

त्याच सुमारास संपदाताईला ठाण्याचं स्थळ आलं. मुलगा हर्षवर्धन, एम.टेक., नोकरी बंगलोरला. बघण्याच्या कार्यक्रमात आईने सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, ठेवली होती. कार्यक्रम झाल्यावर ताई म्हणाली, "बरा आहे." ताईने कोणाला बरा म्हणण्याची ही पहिलीच वेळ. आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रेमपत्र नसतं.

मुलाचे वडील त्र्यंबकराव निघताना म्हणाले, "आम्ही आता फोन-बिन सोडला. मुलाशी रोज चॅटच."

"आम्हीसुद्धा!" बाबा म्हणाले. (बाबांना माउस उचलून टीव्हीकडे धरताना मी स्वतः पाहिलंय.) आणि त्यांनी खुशाल माझा मेसेंजरचा पत्ता आपला म्हणून देऊन टाकला. मला विचारलंसुद्धा नाही.

"रविवारी संध्याकाळी येणार आहेत ते चॅटवर," नंतर मला हुकूम झाला. "मी सांगेन ते टाईप करायचं. तुझं डोकं वापरायचं नाही."

रविवारी सकाळी त्यांनी ताईसमोर पुन्हा माझं कॉलेज काढलं. मी भडकलो, लुईसची बाईक घेऊन आम्ही दोघं कळंबच्या किनाऱ्यावर गेलो. संध्याकाळपर्यंत परतणार होतोच. निघताना बॉट चालू ठेवला. (सवयीने. खरंच सवयीने. बहुतेक.) बाबा टँकरवरून भांडायला सोसायटीच्या मीटिंगला गेले होते.

आणि म्हाताऱ्या माणसांना वेळ पाळता येत नाही. त्र्यंबकराव दुपारीच आले. मी घरी येऊन स्क्रीन पाहिला तेव्हा सगळं उरकलं होतं.

"नमस्कार प्रल्हादराव, काय म्हणता?"

"आधी पाणी भरलं का ते सांग."

"हा हा! आमच्याकडे चोवीस तास पाणी असतं."

"फुशारक्या नकोत."

"बरं. हर्षवर्धन पुढच्या आठवड्यात येतोय. त्याचं शिक्षण तर तुम्हाला माहीत आहेच."

"शिकून काय दिवे लावले?"

"आपण थट्टा करताय."

"तुझ्या वयात मी घर चालवत होतो."

"अहो, मी एकसष्ट वर्षांचा आहे!"

"मग आता तरी सुधार."

"तुम्हाला हे स्थळ पसंत नाही का?"

स्थळ. हा शब्द मी त्याच आठवड्यात, पाहुणे गेल्यावर बाबा जेवताना बोलले तेव्हा घातला होता.

"सुकेळीचं अख्खं पुडकं फस्त केलं, आणि म्हणे डायबेटीस."

त्यानंतर त्र्यंबकरावांनी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी फोन केला. सोडलेला फोन.

बाबा गुळाच्या आवाजात "बोला, बोला!" म्हणाले आणि मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. रिसीव्हर ठेवून माझ्याकडे वळले.

"सुकेळीचं त्यांना कसं कळलं?"

मी सांगितलं. ते खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. सगळ्या मला पाठ होत्या.

"मी असा बोलतो?" त्यांनी आईला विचारलं.

आई भाजी निवडत होती. "यात जरा कमी आहे," ती म्हणाली.

"आणि हा रोज हे लिहून ठेवायचा?"

ताई दारातून म्हणाली, "भूपेश, जन्मात एकच काम तमाम केलंस. तेही माझंच."

हर्षवर्धनला मी स्वतः फोन लावला. तो पोट धरून हसला, मॉड्यूल मागवून घेतलं आणि सुट्टीवर आल्यावर आपल्या वडिलांना त्याच्यासमोर बसवलं. त्र्यंबकरावांनी टाईप केलं, "तू यंत्र आहेस का?" उत्तर आलं, "उलट बोलू नकोस." तेव्हा कुठे त्यांना पटलं.

पण यंत्राला सुकेळी कोणी सांगितली, एवढं विचारण्याइतकी अक्कल त्यांना होती. म्हणून बाबा ठाण्याला गेले. मलाही नेलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात सुकेळीचं नवं पुडकं. त्र्यंबकरावांसमोर हात जोडून ते म्हणाले, "माझी जीभ वाईट आहे. मुलगी तशी नाही." यात गूळ नव्हता, मिरची नव्हती. हा तिसरा आवाज मला माहीतच नव्हता. मी पंख्याकडे बघत राहिलो.

"बसा," त्र्यंबकराव म्हणाले. त्यांनी पुडकं बाबांकडे परत सरकवलं. "मला डायबेटीस आहे."

लग्न ठरलं. त्र्यंबकरावांनी एकच अट घातली, तो डबा घरात नको. कॉम्प्युटर अर्नाळ्याला लुईसकडे गेला. त्याचा बाप मॉनिटरवर टोपी ठेवतो आणि समुद्राकडे बघतो.

आमच्या हॉलमध्ये त्या जागी पाण्याचं पिंप आहे. बाबा माझ्यासमोर जेवताना बोलत नाहीत. नळाला पाणी आलं की भर, एवढंही म्हणत नाहीत. मला आपलं आपण उठावं लागतं.