साडेबाराचा मुहूर्त

जळगावात आवाजाचं माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. हे मीच सांगतो, कारण बाकीचे सांगत नाहीत! म्हणून तर आमचं संगीत नाटक 'सोनकेळ' धुळ्याच्या स्पर्धेला निघालं, तेव्हा ध्वनिव्यवस्था माझ्याकडे आली. दिग्दर्शक आणि संगीतकार योगराज सर. दोन वर्षं खपून त्यांनी चौदा गाणी बांधलेली.

"लीलाधर, वायरलेस माइक तपासलेस ना?"

"सर, मी आहे ना!"

तपासले नव्हते.

नाट्यगृहाच्या भिंतीला लागूनच मंगल कार्यालय. तिथं साडेबाराचा मुहूर्त होता, आणि तिथल्या भटजींचा माइक नेमका आमच्या नायिकेच्या चॅनलवर! सारिकानं विरहगीतासाठी तोंड उघडलं आणि आमच्या स्पीकरमधून भटजी खणखणले, "मामांनी मुलीला घेऊन यावं!"

विंगेत योगराज सर पांढरेफटक पडले. प्रेक्षक मात्र खूश, कारण नाटकातही लग्नच लागत होतं. मी घाईघाईनं बटणं फिरवली, तर मंगलाष्टकं आणखी जोरात! पहिल्या रांगेतल्या दोन आजीबाई सवयीनं उभ्याच राहिल्या.

त्यांचं आमच्याकडे येतंय, तर आमचं कुठे जात असेल, हे काही मला सुचलं नाही. सारिकानं नाटकातलं सगळ्यात जोरदार वाक्य टाकलं, "थांबा! या नवरदेवाची पहिली बायको जिवंत आहे!"

आवाज आमच्या स्पीकरमधून आलाच नाही. भिंतीपलीकडून आला.

मंगलाष्टकं थांबली. मग भटजींच्या माइकवरून एकच गलका, "धरा रे नवरदेवले!" आणि पाठोपाठ रडवेला आवाज, "आईनी आन, मनं हाई पह्यलंच लगीन शे!"

आमच्या प्रेक्षकांनी टाळ्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं!

तिकडे लग्न लागलं. पाऊण तास उशिरा, नवरदेवाच्या गावच्या सरपंचांना फोन लावून.

इकडे पडदा पडल्यावर परीक्षक रंगमंचावर आले. "गाणी सामान्य आहेत," ते म्हणाले. सरांनी मान खाली घातली. "पण लग्नाचा तो जिवंत गोंधळ! अफाट! कल्पना कोणाची?"

मी कॉलर नीट करून उठलो.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. मुलीचे मामा, मागे वीसेक वऱ्हाडी. "माइकवर पह्यली बायकोनं बोलनारा कोन शे रे?"

परीक्षकांना आणि मामांना मी एकदमच उत्तर दिलं, "बठ्ठी, सगळीच्या सगळी कल्पना योगराज सरांची!"