खासनीस सरांची महासीर

शुद्ध शाकाहारी माणूस दर रविवारी मासळीबाजारात काय करत असेल? आमचे शेजारी खासनीस सर तिथे मासे मोजत. खिशातून शिंप्याची टेप काढायची, पाटीतला मासा तोंडापासून शेपटीपर्यंत मापायचा, 'हं' म्हणायचं आणि काहीही न घेता पुढच्या पाटीकडे वळायचं. एकदा मासळीवाला वैतागून म्हणाला, "प्रोफेसर साब, सूट सिलवाना है क्या इसका?" सरांनी गंभीरपणे सांगितलं, "नहीं जी, सिर्फ लंबाई."

सर मूळचे सांगलीचे. चंदीगडला प्राणिशास्त्र शिकवायचे आणि सेक्टर पंधरातल्या आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहायचे. सतलजवर धरण झालं, कालवे निघाले आणि अंडी घालायला उगमाकडे जाणारी महासीर मासळी भिंतीपाशी अडली. ती आता किती उरली, हे पाहायला सर दर पावसाळ्यात नदीवर मुक्काम ठोकत. आम्ही हळहळलो की म्हणत, "अहो कुलकर्णी, आपण फक्त मोजायचं. मधे पडायचं नाही."

हे तत्त्व ते कुठेही लावत. आमच्या मांजराने दुधात तोंड घातलं तेव्हा सर समोरच बसले होते. हाकललं नाही, किती प्यायलं ते मात्र नेमकं सांगितलं. माझी बायको त्यांच्यावर आठवडाभर धुमसत होती.

एका वर्षी ऐनवेळी त्यांची जीप बंद पडली, म्हणून मी माझी फियाट घेऊन बरोबर गेलो. धरणाच्या खाली नदी कसली, दगडगोट्यांतली डबकी. जाळी टाकायची आणि रिकामी ओढायची, एवढंच चाललं होतं. निघायच्या दिवशी एकच महासीर मिळाली. सोनेरी खवल्यांची, अंड्यांनी पोट तटतटलेली. सरांनी तिला टबात ठेवून माप घेतलं. आता परत सोडायची, ही त्यांची नेहमीची रीत. पण सर हलेचनात.

"गाडी काढा. हिला धरणाच्या वर नेऊ."

"सर, एकटीला नेऊन काय होणार?"

"बाळंतपणाला निघालीय हो ती."

मी मुकाट्याने गाडी काढली. सर मागच्या सीटवर टबाला कवटाळून बसले. तिला हवा मिळावी म्हणून तांब्याने पाणी काढून पुन्हा उंचावरून आत ओतत होते. वळणावळणाला निम्मं पाणी त्यांच्याच अंगावर सांडत होतं. मधेच म्हणाले, "सुमीला बाळंतपणाला माझ्याकडे यायचं होतं. आई नसली तरी बाबा आहेत, म्हणाली. मी कळवलं, पावसाळ्यात मी नदीवर असतो, तू सासरीच राहा."

तांब्या क्षणभर थांबला.

"मूल वाचलं. सुमी नाही."

इतकी वर्षं शेजारी राहून मला त्यांना मुलगी होती हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

जलाशयाला मिळणाऱ्या ओढ्याशी पोचेपर्यंत महासीर टबात कलंडली होती. सर बुटांसकट पाण्यात उतरले. दोन्ही हातांवर तिला घेऊन तिचं तोंड प्रवाहाकडे धरलं. मी वाकून पाहिलं. कल्ले हलत नव्हते.

"सर, गेली ती."

"थांबा हो," ते हळूच म्हणाले, "पोरगी दमलीय."

आणि तिला तशीच धरून उभे राहिले.