दोन मिनिटांचं कुलूप

फोन आला तेव्हा किल्लीवाल्या बाई कानशीने एक किल्ली घासत होत्या. पलीकडे एक नऊ वर्षांची मुलगी. आई बाथरूममध्ये अडकलीय, कुलूप फिरत नाही, आईच्या फोनमध्ये ‘किल्लीवाली’ म्हणून हाच नंबर सापडला, लवकर या. पत्ता ऐकून कानस थांबली. लेकीच्या घराचा पत्ता बाईंना तोंडपाठ होता, पण दहा वर्षांत त्या जिन्याची एकही पायरी त्या चढल्या नव्हत्या.

भांडण कशावरून झालं, देव जाणे. लेक तणतणत बाहेर पडली आणि बाईंनी त्याच दुपारी घराचं कुलूप बदललं. संध्याकाळी लेक परतली, तर तिची किल्ली लागेना. गावभर लोकांची दारं उघडून देणाऱ्या बाईने पोटच्या पोरीला दाराबाहेर ठेवलं. आता काय म्हणावं या कर्माला?

बाई जिना चढून आल्या. बाथरूमचं कुलूप तसं साधंच, दोन मिनिटांचं काम. पण दार उघडलं की लेक म्हणणार, निघा आता. म्हणून बाईंनी पेटीतली झाडून सगळी हत्यारं ओळीने मांडली.

“कोण आलंय गं?” आतून विचारणा झाली.

“किल्लीवाल्या आजी,” नात म्हणाली. ही आपलीच आजी, हे तिला बिचारीला काय माहीत. आत काहीतरी बारीकसं खुटखुटलं.

अर्धा तास नुसती खुडबुड चालली. ती बघण्यात नात इतकी रंगली की गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं. वासाने शेजारचे काका धावत आले ते हातोडा घेऊनच, आणि दार फोडायला निघाले.

“दाराला हात लावायचा नाही,” दाराच्या दोन्ही बाजूंनी एकदमच आवाज आला. काका आल्या पावली परत गेले.

बाई दाराला टेकून खाली बसल्या. “त्या दिवशी मी घरातच होते. तुझी किल्ली खरखरताना ऐकत होते. उठायला हवं होतं मी. चुकलं माझं.”

“ठाऊक होतं मला,” आतून रडवेला आवाज आला. “तुझ्या चपला दारातच होत्या.”

बाईंनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच खरोखर कुलपात तार घातली. फिरवायला आत काही उरलंच नव्हतं. नुसत्या धक्क्याने दार उघडलं. समोर लेक उभी, केस मोकळे, हातात वाकडा झालेला केसांचा आकडा.

“कधी उघडलंस?”

“तू आलीस हे कळलं तेव्हाच. दोन मिनिटांचं काम. तूच शिकवलेलं.”

बाईंनी तिला जवळ ओढलं. दोघी रडून घेईपर्यंत नात करपलेलं पातेलं घेऊन ताटकळत उभी राहिली.

“पण दार उघडलं कुणी?” तिने शेवटी विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.