सेतुमामांची मूळ रंगाची सायकल

आमच्या सेतुमामांच्या घरात शिंक आली, की पाहुण्याने उठून बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, जायचं. आत हॉलच्या मधोमध दोन स्टुलांवर त्यांच्या अप्पांची जुनी सायकल पहुडलेली असे.

"रंग घाबरतो," मामा कुजबुजत.

तंजावरच्या एका शाळेतून ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर मामांनी हे काम काढलं. सायकलवर वरचा थर निळा, त्याखालचा हिरवा. दोन्ही घरातल्यांनी हौसेने फासलेले. त्याखालचा कंपनीचा मूळ रंग त्यांना हवा होता. काडीला कापूस गुंडाळायचा, थिनरचा थेंब घ्यायचा आणि नखाएवढी जागा पुसायची. जोर जास्त झाला तर मूळ रंगही जाणार.

"नवीन मारून टाका की!" मामी म्हणायच्या.

"अय्यो, ते खोटं होईल!"

खोट्याचा त्यांना भारी तिटकारा. नवीन बनावटीचा स्क्रू जुना म्हणून दिला, तेव्हा त्यांनी दुकानदाराला अर्धा तास इतिहास शिकवला होता.

मूळ रंग पाहिलेला घराण्यात एकच माणूस उरला होता, मामांचे थोरले बंधू, अण्णा. ते पापनाशमला राहत. सायकल हिरवी झाली तेव्हा मामा जन्मलेही नव्हते.

"मग अण्णांना फोन करून विचारा ना," मी म्हणालो.

"छे! विचारायचं नाही. रंगानं आपणहून सांगावं."

आणि एका सकाळी त्याने सांगितलं. काळा. काळाभोर, त्यावर सोनेरी बारीक रेघ. मामांनी मला हाक मारली तीसुद्धा कुजबुजत. मामींनी फिल्टर कापीबरोबर केसरी, म्हणजे आपला शिरा, केला.

सायकल पहिल्यांदा अण्णांना दाखवायचं ठरलं. मामा काही तिच्यावर बसेनात, म्हणून छोट्या टेम्पोत गादी घालून तिला नेलं. मी मागे तिला धरून बसलो होतो.

अण्णांची दृष्टी साखरेच्या आजारात पूर्ण गेली होती. अंगणातल्या कडुनिंबाखाली त्यांनी हँडल चाचपलं, दांड्यावरून सावकाश हात फिरवला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"मरून रंग! तोच ना रे सेतू? अख्ख्या गल्लीत काळ्या सायकली. मरून फक्त आमच्या अप्पांची!"

मी मामांकडे पाहिलं. आता व्याख्यान होणार, कापसाची काडी निघणार.

मामांनी घसा खाकरला.

"तोच, अण्णा. मरूनच निघाला."

"मी म्हणत होतोच! कुणी ऐकायचं नाही." अण्णा हसले. मग म्हणाले, "उन्हात कशी दिसते रे?"

"थांबा हं, बघून सांगतो," मामा म्हणाले आणि त्यांनी ती काळी सायकल हलकेच ढकलत सावलीतून उन्हात नेली.