खराततात्यांचा बराबर पांढरा

खराततात्यांच्या घरी पाहुण्याला पाणी नंतर मिळायचं, आधी सूचना मिळायची. "टेकू नका." जय भीम झाला की लगेच "टेकू नका", आणि मग "बसा". भिंती चुन्याच्या. त्यांना पाठ लावणारा माणूस तात्यांच्या लेखी घर लुटायलाच आलेला असायचा. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं ताठ बसलो की माझी जुनी पाठदुखी गेली, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

मस्तगड वस्तीत आमची दारं समोरासमोर होती. तात्या बसस्टँडवर कंट्रोलर. दिवसभर अंबड, परतूर, घनसावंगीच्या गाड्या सोडायच्या आणि घरी येऊन चुना कालवायचा, असा त्यांचा प्रपंच. बायको वारून बरीच वर्षं झालेली. घरात एकुलती लेक कमल, डी.एड. झालेली आणि बापाला पुरून उरणारी.

पांढरा म्हणजे पांढरा, अशी माझी बापडी समजूत होती. तात्यांनी ती मोडून काढली. त्यांच्या मते स्वयंपाकघराचा पांढरा वेगळा, कारण तिथं धूर. तिथं नीळ सढळ हातानं. झोपायच्या खोलीचा पांढरा थंड पाहिजे, डोळ्यांवर येता कामा नये. आणि बैठकीचा? तो काही केल्या सापडत नव्हता. भट्टीवरून चुन्याची ढेकळं आणायची, रांजणात विझवायची, जुन्या धोतरातून गाळून घ्यायची, मग त्यात कधी थेंबभर नीळ, कधी मीठ, कधी ताकाची निवळी. केकताडाच्या कुंच्यानं भिंतीवर एक पट्टा ओढायचा. वाळला की मान हलवायची आणि म्हणायचं, "बराबर न्हाई." की दुसरा पट्टा. बैठकीची एक अख्खी भिंत अशी चट्ट्यापट्ट्यांची होऊन बसली होती, आणि येणारा जाणारा विचारायचा, काय हो, ओल आली का?

पट्टा वाळला की मला हाक यायची. "अण्णा, जल्दी या. उजेड चाल्लाय." मी हातातला चहा टाकून जायचो. मी बियाण्याच्या कंपनीत नमुने तपासायला होतो. तात्यांना माझ्या नजरेची कदर आहे, याचा मला केवढा अभिमान! तात्या मला भिंतीपुढच्या पाटावर बसवायचे, टेकू नका म्हणायचे, आणि स्वतः दारात उभे राहून डोळे बारीक करून बघायचे. मी गंभीर चेहऱ्यानं मत द्यायचो, नीळ जरा कमी करा, मीठ वाढवून बघा. माझी पाठ भिंतीकडे असताना मी रंगाबद्दल मत कसं देतोय, हे मला कधी खटकलं नाही.

ते खटकवून दिलं माझ्या बायकोनं, शालननं. कमलनं तिला हसत हसत सांगितलं होतं आणि हिनं ते पदराखाली झाकून ठेवलं असतं तर ती शालन कसली? भर जेवणात म्हणाली, "तात्या तुमचा सल्ला न्हाई घेत. तुमचा रंग घेतात."

माझा रंग म्हणजे आमच्या शेतातली काळी माती, चांगली भिजलेली. कमलचाही साधारण तसाच. ती घरी नसली की तिच्या जागी तात्या मला बसवून बघत होते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जाणंच बंद केलं. तात्यांनी हाका मारल्या, मी पेपर वाचत राहिलो. शेवटी ते स्वतः आले, कोपरापर्यंत चुन्यानं माखलेले, आणि आमच्या उंबऱ्यावर बसले. आमच्या भिंतीलाही टेकले नाहीत.

"मागच्या पावण्यांनी मुलगी सावळी म्हणून कळवलं," ते म्हणाले. "मंग मी घरी जाऊन पाह्यलं. नीळ जास्ती पडल्ती, भिंत नुसती फटफटीत झाल्ती. तिच्यापुढं कुणीबी काळंच दिसंन. चूक भिंतीची होती, अण्णा. म्हंजे माझीच. पोरीची बिलकुल न्हाई."

जगात कुणाला पोरीत खोट दिसते, कुणाला पाहुण्यांत. यांना चुन्यात दिसली. मी चपला घातल्या आणि मुकाट्यानं पाटावर जाऊन बसलो.

आता घाईचंच काम होतं. रविवारी घनसावंगीकडचे पाहुणे येणार होते. मुलगा शाळेत मास्तर, माणसं चांगली. हेही स्थळ भिंतीपायी जाईल या धास्तीनं तात्या जेवेनात. तेव्हा चिमूटभर पिवडी, ती पिवळी माती, घालून बघा, असं मीच सुचवलं, आणि यावेळी तोंड भिंतीकडे करून. पट्टा वाळला. सायीसारखा मऊ पांढरा. तात्या दारातून बघतच राहिले. "बराबर," एवढंच म्हणाले. चुना अंगाला लागू नये म्हणून त्यात डिंक घालतात, पण त्यानं झाक मळकट होईल म्हणून तात्यांनी तो घातला नाही, आणि साऱ्या बैठकीला तो पांढरा दिला.

रविवारी पाहुणे सतरंजीवर बसले. मुलाचे वडील काळा कोट घालून आले होते. कमल पोहे घेऊन आली, पाटावर बसली. नाव, शिक्षण विचारून झालं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि म्हातारबुवा जरा ऐसपैस मागं सरकले.

"टेकू नका!" तात्या कडाडले.

म्हातारबुवा दचकून पुढं आले, तर काळ्या कोटाची अख्खी पाठ पांढरी! डिंक नव्हता ना. तात्यांचा चेहरा तर कोटाहून पांढरा झाला. मला वाटलं, गेलं हेही स्थळ. आणि कमलला हसू फुटलं. दाबायला गेली तसं जास्तच फुटलं. तशीच हसत उठली, फडकं आणलं, म्हाताऱ्याचा कोट झटकत म्हणाली, "बाबा, आमच्या घरात भिंत पहिली, माणसं मागून." म्हातारबुवा हसले, मुलगा हसला. कमल पुन्हा पाटावर बसली आणि हसून दमलेली, तेल लावलेलं डोकं मागं भिंतीला टेकवून मोकळी झाली. तात्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

होकार जागेवरच मिळाला. घरात हसणारं माणूस पाहिजे, असं म्हातारबुवा म्हणाले. तात्या मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाह्यलं? पिवडीनं काम केलं."

लग्नात कमल पांढऱ्या साडीत उभी होती आणि देखणी दिसत होती. तिथं मागं भिंत नव्हती, साधा मांडव होता. हे मी तात्यांना बोललो नाही.

पुढच्या वर्षी भीमजयंतीच्या आधी तात्यांनी चुना काढला आणि मी मदतीला गेलो. घर फारच चिडीचूप वाटत होतं. रोज घनसावंगीची गाडी मीच सोडतो, ते म्हणाले, अन् मी स्टँडवरच राहतो. करमत नाही, असंही म्हणाले, कुंचा बुडवता बुडवता.

बैठक पांढरीशुभ्र झाली. फक्त पाटामागं, बसल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, तेलाचा एक गोल डाग तसाच होता. तात्यांनी त्याच्या कडेकडेनं कुंचा फिरवला होता, फार जपून. मला वाटलं, त्यांना दिसला नसेल. मी म्हणालो, तात्या, हे राहिलं की, आणि कुंचा घेऊन पुढं झालो.

त्यांनी माझ्या हातातला कुंचा काढून घेतला.

"टेकू नका तिथं," ते म्हणाले.