बानाचा न

साल दोन हजार तेवीस. जुईनगरच्या एका लहानशा वाचनालयात सुनयनाने मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायला हाउजी सुरू केली. तिकिटांवर आकड्यांऐवजी अक्षरं, जिंकणाऱ्याला बक्षीस स्टीलचा डबा. अध्यक्ष दिनानाथांना मात्र ती खोली कॅरमसाठी हवी होती.

"महिनाअखेरीला येऊन बघतो," ते म्हणाले. "पोरखेळ दिसला तर वर्ग बंद!"

पहिल्याच डावात सुनयनाने पुकारलं, "ण! बाणाचा ण!"

करावे गावच्या दुर्गाबाईंनी तिकिटावर चिंचोका ठेवला. "फुल हाउस! दे डबा!" खाडीकाठी एकही टॉवर नव्हता, तेव्हापासून त्या मासळी विकत होत्या. आवाज अजून तसाच होता.

"मावशी, हा नळाचा न. मी ण म्हटलं."

"तेच त सांगतंय. न!"

"ण!"

"न! गो पोरी, कितींदा बोलशील?"

गावच्या बाकीच्या बायका साक्षीला उठल्या. "न च बोल्ली. आमी पन ऐकला."

डबा गेला तो गेलाच. मग सुनयनाने हट्टाने एकच धडा लावला. "जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा."

"जिभेला गाठ पडंल, बाय!"

अखेर एके दिवशी दुर्गाबाईंच्या तोंडून खणखणीत 'ण' निघाला. त्या इतक्या हरखल्या, की त्यांना प्रत्येक 'न' चुकीचाच वाटू लागला. त्यांचे यजमान गंगाराम तक्रार घेऊन आले. "बाई, ही मना णवरा बोलते. आख्खा गाव हसतंय!"

दिनानाथ आले त्या सकाळी वाचनालयाच्या पाटीवर लिहिलं होतं: 'वाचणालय'. गंगारामच्या होडीचा निळा ऑइलपेंट अजून ओला होता.

राग आला की दिनानाथांची साताऱ्याकडची बोली वर येई. "हे कोनी केलं?"

सुनयनाने डोळे मिटले. संपला वर्ग.

दुर्गाबाई ब्रश घेऊन स्टुलावरून उतरल्या. "कोणी," त्या म्हणाल्या.

"तेच म्हनालो मी!"

"णाय. तुमी न बोल्लाव. बसा, तिकीट घ्या. आमी पण तशेच होतो."

बघ्यांत हशा पिकला. दिनानाथ तिकीट घेऊन बसले.

वर्ग अजून चालतो. दिनानाथ एकही तास चुकवत नाहीत, पण डबा त्यांना अद्याप मिळालेला नाही. गंगारामची होडी अर्धीच रंगलेली आहे. दुर्गाबाई बसची पाटी स्वतः वाचतात आणि कंडक्टरलाही ऐकवतात. सुनयनाने पाटी सुधारायला पेंटर बोलावला. त्याने विचारलं, "मॅडम, यातला न कुठला? नळाचा की बानाचा?"

सुनयनाने तोंड उघडलं, जीभ टाळूला नेली आणि तिला काही केल्या आठवेना.